उसाच्या पट्ट्यातला दंतवैद्यांचा वर्ग

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थ्याच्या हातात येणारा दात मेणाचा असतो. एक छोटा ठोकळा, कोरायला कार्व्हर आणि समोर पुस्तकातली आकृती. वरचा पुढचा दात, मग सुळा, मग दाढा. दाढेच्या एका उंचवट्याची गोलाई थोडी जास्त खरवडली गेली की ठोकळा बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. टेबलावर, एप्रनवर, वहीच्या पानांत मेणाचा भुगा. मान खाली घालून कोरत बसलेल्या अशा कोणत्याही वर्गावर नजर फिरवा, बहुतेक बाकांवर मुली दिसतील. देशाच्या उच्च शिक्षण पाहणीतही बीडीएसला मुलांपेक्षा मुली कितीतरी जास्त आहेत.

आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण दात उपटणं हे ताकदीचं, म्हणून पुरुषाचं काम, असं जग फार काळ धरून चाललं होतं. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं. दंतवैद्यकाची पदवी एका स्त्रीला मिळायला मात्र १८६६ उजाडलं. तिचं नाव ल्युसी हॉब्स. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात दंत महाविद्यालय सुरू केलं. तिथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला, तेव्हा ती शहरासाठीही अपूर्व गोष्ट होती. तिथपासून नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी दंतवैद्य होईपर्यंत शंभर वर्षंही लागली नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यात तीन दंत महाविद्यालयं आहेत: लोणीला प्रवरेचं, संगमनेरजवळ घुलेवाडीला एसएमबीटीचं आणि नगर शहरालगत यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं. यातली पहिली दोन गावं नकाशावर पाहिली की थक्क व्हायला होतं. ही साखरेची गावं! विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेचा. १९५०-५१ च्या हंगामात तिथे गाळप सुरू झालं. शेजारच्या संगमनेरात भाऊसाहेब थोरातांनी सहकार उभा केला, आणि एसएमबीटी ही अक्षरं त्यांच्या पत्नी मथुराबाई भाऊसाहेब थोरात यांच्या नावाची. दाताचं वरचं कवच म्हणजे शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल या कवचालाही विरघळवतं. त्याच साखरेतून उभ्या राहिलेल्या सहकाराच्या मुलखात दात वाचवणारे घडावेत, हा योग विलक्षण आहे.

या वर्गात शिरायची वाट कशी आहे? दंतवैद्यकासाठी वेगळी परीक्षा नाही. एमबीबीएसला जी नीट, तीच बीडीएसला. २०२४ मध्ये नीटला सुमारे २४ लाख नावं नोंदली गेली आणि त्यांत १३ लाखांहून जास्त मुली होत्या. म्हणजे मुलींची रांग दारातच मोठी आहे. पुढे दारं दोन. लोणीचं महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचं, म्हणून तिथले प्रवेश दिल्लीच्या समितीमार्फत देशभरातून होतात. संगमनेर आणि नगरचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या फेऱ्यांतून. एकाच जिल्ह्यात एका वर्गात परराज्यातली मुलं भेटतात, तर दुसऱ्यात शेवगाव-पाथर्डीची.

बीडीएसची रांग मात्र दरवर्षी सारखी नसते. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं झाली, एमबीबीएसच्या जागाही वाढल्या आणि अनेकजण बीडीएस घेण्याऐवजी ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा नीटला बसू लागले. २०२०-२१ मध्ये देशात बीडीएसच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या होत्या. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची अट दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं.

मग मुलीच हा वर्ग का भरतात? घराघरांतलं गणित ऐकलं की उत्तर हाती लागतं. पाच वर्षांत, इंटर्नशिप धरून, हाताला काम येतं. दवाखाना स्वतःचा, वेळ आपली, रात्रीच्या ड्यूट्या कमी. त्यात जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. सीईटीच्या फेऱ्यांतून आलेल्यांना ते लागू आहे, खासगी अभिमत विद्यापीठांना नाही. एका घरात ही सवलत म्हणजे ‘पाठवू’ आणि ‘राहू दे’ यांतला फरक ठरते.

एक गोष्ट मात्र नीटला कळत नाही: उमेदवाराचा हात. कॅनडात एके काळी दंतवैद्यकाच्या प्रवेश परीक्षेत साबणाच्या वडीतून आकृती कोरून दाखवावी लागे. आपल्याकडे १८० प्रश्न, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे. बोटांची परीक्षा होते ती मेणाच्या ठोकळ्यावर, प्रवेश झाल्यानंतर. आणि तिथे एमबीबीएस हुकलं म्हणून हिरमुसून आलेल्या कित्येकींना पहिल्यांदा कळतं की आपल्या बोटांत कसब आहे.

या मुलींची गरज कुठे आहे ते गावात दिसतं. जळका तंबाखू कुटून केलेली मिश्री हिरड्यांना लावायची सवय आपल्या बायकांत अजून आहे. कित्येकींचा दिवसच तिने सुरू होतो. पुरुष डॉक्टरसमोर पदर तोंडावर घेणारी मावशी पोरीच्या वयाच्या डॉक्टरसमोर तोंड उघडते आणि किती वर्षांपासून लावते तेही सांगते. गालाच्या आतला पांढरा चट्टा असा वेळेवर सापडला, तर कॅन्सर होण्याआधी थांबवता येतो.

म्हणून दोन मागण्या. घरातली मुलगी बीडीएसला लागली तर ‘एमबीबीएस नाही का मिळालं?’ हा प्रश्न विचारू नका. आणि आई, आजी, मावशी मिश्री लावत असेल, तर तिला या आठवड्यात जवळच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन जा. तोंड तपासायला पाच मिनिटं लागतात.