पोथी तीच, बासन सुटलें

आमच्या सुप्याच्या घरीं माळ्यावर वडिलार्जित पोथ्यांचें एक गाठोडें आहे. पोथीचीं सुटीं पानें दोन फळ्यांमध्यें ठेवून बासनांत घट्ट बांधलेलीं असतात. एकही अक्षर पुसलेलें नसतें. तथापि बासन सोडल्यावांचून एक ओळही वाचतां येत नाहीं. मानवी देहांतील पेशींत अशीच एक पोथी असते, आणि तिचें बासन भलत्याच ठिकाणीं सुटल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हें आज सांगावयाचें आहे. विषय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे. तो घरांत मोठ्यानें वाचण्यास कोणास संकोच वाटेल. पण त्या संकोचाविषयींच आम्हांस बोलावयाचें आहे.

ही पोथी म्हणजे डी. एन. ए. नांवाचा अतिशय लांब धागा. तो हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हीं प्रथिनें १८८४ सालीं आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानें शोधिलीं. आठ हिस्टोनांचें एक रीळ होतें. त्यांच्या बाहेर आलेल्या शेपटांवर बारीक रासायनिक खुणा चढतात व उतरतात. ॲसिटिल खूण चढली कीं वेढा सैल होऊन तेथील मजकूर वाचला जातो. मिथिलच्या कांहीं खुणा उलट तो मिटून ठेवितात. अक्षर तेंच राहतें, वाचन मात्र बदलतें.

हा रोग जवळजवळ सर्वस्वीं ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूपासून होतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनीं १९८३ व १९८४ सालीं त्याचे १६ व १८ हे प्रकार रोगट पेशींत दाखविले. २००८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणूचें 'ई-७' हें प्रथिन पेशींतील 'आर. बी.' नांवाच्या रखवालदारास निकामी करतें. विभाजनाच्या जनुकांवरील ॲसिटिल खुणा उतरवून तीं पानें मिटविण्याचें काम या रखवालदाराच्या देखरेखीखालीं चालतें. तो गेला कीं पानें उघडीं पडतात व पेशी बेसुमार वाढूं लागतात. मिथिल खुणा पुसणाऱ्या एका द्रव्यासही ई-७ चेव आणतें. त्यामुळें 'पी-१६' नांवाचें प्रथिन सांचतें. त्यास रंग देऊन प्रयोगशाळेंत रोगाची चाहूल ओळखितात.

लागण होऊन कर्करोग उद्भवेपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षें जातात. बहुतेक लागणी तर आपोआप नाहींशा होतात. रोग एवढी सवलत देतो, ती आपण लाजेपायीं दवडतों.

चाळीस वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या वहिनींस, पाळी जाऊन पांच वर्षें झालीं असतां, पुन्हां रक्तस्राव सुरू झाला. दीड वर्ष त्या कोणास बोलल्या नाहींत. दीर-जावांनीं भरलेलें घर, सांगणार कोणास? पुण्यास नेलें तेव्हां डॉक्टर एवढेंच म्हणाले, "फार उशीर झाला." त्या वेळीं आम्ही शाळेंत मुलांस आरोग्याचे धडे देत होतों.

बार्शीपलीकडील उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १९९९ सालीं एक मोठी पाहणी सुरू झाली. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय तींत होतीं. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला: विषाणूची एकच तपासणी ज्या गटास मिळाली तेथें या रोगानें ३४ मृत्यू झाले, तपासणी न मिळालेल्या गटांत ६४. या दुसऱ्या गटास तपासणीवांचून ठेविलें, याबद्दल पुढें आक्षेपही निघाले, व ते विचार करण्याजोगे आहेत. कारण त्या चौसष्ट जणीही कोणाच्या तरी वहिनीच होत्या.

पुण्याच्या सीरम संस्थेची या विषाणूवरील लस २०२२ सालीं पुढें आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींस ती द्यावी. तिशीनंतर स्त्रियांनीं दर पांच ते दहा वर्षांनीं विषाणूची तपासणी करवावी. ही लागण संसारी स्त्रीपुरुषांत इतकी सर्रास आहे कीं, तीवरून कोणाच्या शीलाचा अदमास बांधणें शुद्ध अज्ञान होय.

यंदा आम्हीं तिघी सुनांस स्वतः तपासणीस नेलें. एकीस पुन्हां बोलाविलें आहे. ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेंत, एकादशीच्या शेजारीं, सर्वांस दिसेल अशी लिहून ठेविली आहे.