नोकरीची मुलाखत : भाषिक तयारी

लेखी परीक्षेची प्रश्नपत्रिका सर्वांसाठी एकच असते. मुलाखतीचे तसे नसते. पहिला प्रश्न मुलाखत मंडळाचा असतो; दुसरा बहुधा तुमच्याच पहिल्या उत्तरातून निघतो. म्हणजे मुलाखत हा एक संभाषणप्रकार असून त्याची दिशा ठरविण्यात उमेदवाराचा वाटा त्याला वाटतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तयारीचा विचार करू.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांसाठी मुलाखत बंद केली. तथापि राजपत्रित पदे, महाविद्यालयीन अध्यापन आणि खाजगी आस्थापना येथे ती आहेच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला असतात आणि ही चाचणी मराठीतूनही देता येते. मराठी माध्यम म्हणजे कमी दर्जाचे माध्यम, हा समज त्यामुळे प्रथम बाजूला ठेवावा.

परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती घेताना एक गोष्ट वारंवार आढळते. "आपल्याविषयी सांगा" असे म्हणताच उमेदवार पाठ केलेला परिच्छेद सुरू करतो : "माझे वडील कृषी व्यवसायाशी निगडित असून माझे बालपण निसर्गरम्य परिसरात व्यतीत झाले." जिंतूरचा उमेदवार हेच म्हणतो, पालमचाही हेच. या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही; पण त्यातून कोणताही पुढचा प्रश्न निघत नाही. मग मंडळ स्वतःच्या मनातला प्रश्न काढते आणि उमेदवार अनोळखी रानात सापडतो.

याउलट असे उत्तर पाहा : "वडील शेती करतात. आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतो." येथे "तूरच का?" हा प्रश्न जवळजवळ ठरलेला आहे आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या मुलामुलींना ठाऊक असते. सोयाबीन साधारण साडेतीन महिन्यांत निघते, तूर त्यानंतरही उभी राहते. तिची मुळे खोल जातात, त्यामुळे पावसाने ताण दिला तरी ती तग धरते. एक पीक गेले तर दुसऱ्याचा आधार राहतो. हे सांगताना आवाज आपोआप स्थिरावतो. पुढचा प्रश्न वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे वळू शकतो. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचे आणि 'परभणी क्रांती' हे भेंडीचे वाण जिल्ह्याच्या उमेदवाराला माहीत असावे, अशी अपेक्षा गैर नाही. आपल्या गावाला उत्तरातून पुसून टाकणारा उमेदवार आपली सर्वांत भक्कम जागा स्वतःहून सोडतो, असे माझे मत आहे.

आता बोलीविषयी. "मी सध्या बी.एड. करायलो" असे म्हटले तर गुण जातील का, हा प्रश्न विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात. 'करायलो', 'जायलो' ही आपल्या भागातील चालू वर्तमानकाळाची नियमबद्ध रूपे आहेत. 'करायला लागलो' या रचनेशी त्यांचे नाते दिसते. प्रमाण मराठीत ती रचना क्रियेचा आरंभ दाखविते, येथे तिचे आकसलेले रूप चालू असलेली क्रिया दाखविते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही चूक नव्हे. मात्र औपचारिक प्रसंगाची भाषा वेगळी असते, हा संकेत सर्वच समाजांत आढळतो. म्हणून 'करत आहे', 'म्हणालो' ही रूपे तोंडी बसवावीत. ती बसविण्याचा मार्ग म्हणजे रोज थोडा वेळ त्या भाषेत मोठ्याने बोलणे. एखादे 'म्हणलो' निसटलेच तर थांबून, ओशाळून ते दुरुस्त करू नये. ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दाकडून तुमच्या संकोचाकडे जाते ते त्या थांबण्यामुळे. अतिशुद्धतेच्या धास्तीने बोलणारे तर जेथे 'न' हवा तेथेही 'ण' उच्चारतात!

संबोधनाचे फार अवडंबर नको. 'सर', 'मॅडम' पुरेसे आहे. समोरच्यासाठी 'आपण', स्वतःसाठी 'मी'. घरच्या सवयीने येणारे 'आम्ही' कुटुंबापुरते ठेवावे.

मराठीच्या पदवीधरास "मराठी घेऊन काय करणार?" हा प्रश्न हमखास येतो. त्यात कधी अवहेलना असते, कधी केवळ कुतूहल. दोन्ही वेळा उत्तर विषयातूनच द्यावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, ही घटना सांगून थांबू नये. त्यासाठी भाषेच्या प्राचीनतेचा आधार कोणता, हे दोन वाक्यांत सांगता यावे. गंगाखेडच्या उमेदवाराला जनाबाईंविषयी विचारले जाणारच. "जगात जर्मनी, भारतात परभणी असे का म्हणतात?" हाही प्रश्न एखादे सदस्य हसत विचारतात. या म्हणीच्या उगमाच्या गोष्टी अनेक सांगितल्या जातात. त्यांतील एखादी इतिहास म्हणून ठासून सांगण्यापेक्षा "ही लोकांत रूढ असलेली म्हण आहे, तिच्या अनेक कथा मी ऐकल्या आहेत" असे म्हणणे अधिक विश्वसनीय ठरते. जे माहीत नाही तेथेही हाच न्याय. "याची मला माहिती नाही, सर" हे पूर्ण वाक्य आहे. त्यापुढे अंदाजाचे शेपूट जोडू नये.

करून पाहा : आपल्या अर्जातील गाव, पदवीचा विषय आणि छंद या तीन नोंदी कागदावर लिहा. प्रत्येकीवर निघू शकणारा एक प्रश्न व त्याचे उत्तर लिहा. मग त्या उत्तरातील शब्दांतून निघणारा दुसरा प्रश्न शोधा. ही उत्तरे न वाचता मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि मित्राला ऐकवा. कोणती वाक्ये पाठ केलेली वाटली, तेवढेच त्याला विचारा. ती खोडून पुन्हा बोला.