बोरच्या वाटेवरची हिंगणी

वर्धा जिल्ह्यात सेलूहून बोर धरणाकडे निघालं की वाटेत हिंगणी लागते. बहुतेक पर्यटकांना ती फक्त पाटीवर दिसते, कारण डोळे पुढच्या वाघाकडे लागलेले असतात. बोर 1970 पासून अभयारण्य आहे आणि 2014 पासून व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर.

या पट्ट्याची ओळख मला आधी गवळाऊ गायीने करून द्यावीशी वाटते. रंग पांढरा, तोंड लांबट नि निमुळतं, शिंगं आखूड, अंग हलकं पण काटक. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी झपाझप नेणारे बैल याच जातीचे. ही जात राखली नंदगवळी समाजाने. रानातल्या चाऱ्यावर कळप पोसायचा, कोणता गोऱ्हा वळू म्हणून ठेवायचा हे नजरेने ठरवायचं, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून शेकायचे. हे सगळं माणसांच्या हातात आणि सवयीत आहे. वारसा म्हणतात तो हाच, आणि तो किल्ल्याच्या बुरुजाइतकाच जपण्याजोगा आहे.

विदर्भाचा उन्हाळा आता अधिकच भाजून काढतो. पाऊस लांबला की गवत उशिरा येतं. पाणवठे आटले की कळप लांब न्यावा लागतो. संकरित गाय या उन्हात लवकर धापा टाकते, दूध आटवते; गवळाऊ टिकते. पण ती रानात चरून टिकते, आणि रानच बंद होत चाललंय. तापमान वाढवण्यात ज्या गवळ्याचा हात जवळजवळ नाही, त्यालाच वाघासाठीही मागे सरकायला सांगितलं जातं. हा न्याय नव्हे.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटलं आणि गोशाळांतल्या गायींसाठी दिवसाला 50 रुपये ठरवले. रानात गाय चारणाऱ्याचं काय? 2006 च्या वन हक्क कायद्यात चराईचा हक्क लिहिलेला आहे. त्याचे दावे मार्गी लावावेत, कोणतं रान कोणत्या महिन्यात खुलं ठेवायचं हे वनखात्याने गवळ्यांसोबत बसून ठरवावं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास केंद्र आहे. तिथे वळू निवडताना जुन्या गवळ्यांना बोलवावं, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांच्या हातावर ठेवावी.