पोटरीतली राखीव फौज

दिवाळीची जळमटे झाडताना स्टुलावरून पाय घसरला, पोटरीत कळ आली, की आपल्या घरांत आधी तेलाची बाटली निघते. ती ठेवा पाहू जागेवर! आत रक्तस्राव झालेला असतो; चोळल्याने तो वाढायचाच.

मेलेला स्नायुतंतू काही पुन्हा जिवंत होत नाही. रक्तातून आलेल्या भक्षक पेशी त्याची मोडतोड उपसून नेतात. पण त्याच्या आवरणाखाली काही पेशी निजलेल्या असतात. १९६१ साली न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर मौरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. इजा होताच त्या जाग्या होतात, एकीच्या दोन होतात, आणि एकमेकींत मिसळून त्याच जुन्या आवरणात नवा तंतू घडवतात.

या बांधकामाला प्राणवायू हवा. त्यासाठी शेजारच्या केशवाहिन्यांना वेलीसारखे कोंब फुटतात व ते इजेच्या जागी शिरतात. मौज अशी, की निजलेल्या पेशींचे बिऱ्हाड बहुधा केशवाहिन्यांना खेटूनच असते, आणि वाहिन्यांना वाढायला लावणारी द्रव्ये त्याही सोडतात. शेजारधर्मच म्हणा ना!

मांसाचा मोठा लचकाच गेला, तर मात्र तिथे व्रण भरतो. तो आकुंचन पावत नाही.

म्हणून आधी थोडे दिवस विश्रांती, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू चालणे. हालचालीने नव्या केशवाहिन्या अधिक जोमाने आत शिरतात.