दलदलीतील ठेव आणि खरे माप

कमीअधिक वजनमापे वापरणे, म्हणजेच ‘हीनाधिकमानोन्मान’, हा तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचा अतिचार गणिला आहे. हा नियम धान्य, कापड व सोने यांपुरताच आहे अशी आपली समजूत असते. परंतु अलीकडे जंगलांत साठलेल्या कर्बाचेही माप होऊन त्याच्या पतपत्रांची खरेदी-विक्री होऊ लागली आहे. तेव्हा हा माल कसा मोजला जातो, हे व्यापारी बंधूंनी जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

उभे झाड तराजूत घालता येत नाही. म्हणून जमिनीपासून सुमारे १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर घेतात, आणि तो, झाडाची उंची व लाकडाची घनता यांवरून सूत्राने जैवभार काढतात. सुक्या जैवभाराचा जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो. दलदलीतील कित्येक झाडांना खोडालगत रुंद आधारमुळे फुटतात. तेथे घेर मुळांच्या वरच घ्यावा लागतो, नाहीतर आकडा फुगतो.

पण दलदलीची मोठी ठेव जमिनीखाली असते. पाण्यामुळे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून पालापाचोळा व मुळे पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षांत त्यांचा काळा थर साठतो. त्यास पीट म्हणतात. हा थर मोजण्यासाठी लांब गिरमिट खाली रोवून त्याची खोली पाहतात, ठराविक आकारमानाचा नमुना वाळवून तोलतात व त्यातील कर्बाचे प्रमाण काढतात.

आफ्रिकेतील काँगो नदीच्या मध्य खोऱ्यात ग्रेटा डार्गी, सायमन ल्युइस, सस्पेन्स इफो प्रभृती संशोधकांनी हेच काम चिखल तुडवीत केले. २०१७ साली त्यांनी १,४५,५०० चौरस किलोमीटर पीटभूमीत सुमारे ३,०६० कोटी टन कर्ब असल्याचे प्रसिद्ध केले. संपूर्ण काँगो खोऱ्यातील जंगलांच्या जमिनीवरील भागात जेवढा कर्ब आहे, जवळजवळ तेवढाच हा साठा आहे. २०२२ साली अधिक ठिकाणी मोजणी झाल्यावर क्षेत्र वाढून १,६७,६०० चौरस किलोमीटर झाले. पण थराची सरासरी जाडी २.४ मीटरवरून १.७ मीटरवर आली आणि साठा सुमारे २,९०० कोटी टन ठरला. फेरमोजणीत घटलेला आकडा उघडपणे मांडणे, यासच आम्ही सचोटीची वही म्हणतो.

ही ठेव पाण्याच्या कुलपात आहे. इंडोनेशियातील मध्य कालीमंतान प्रांतात १९९६ सालापासून सुमारे दहा लाख हेक्टरांवर भातशेती करण्यासाठी पीटभूमीत कालवे खोदले गेले. पाणी ओसरले, १९९७ च्या दुष्काळात थर पेटला. भात पिकले नाही, आणि योजना सोडून द्यावी लागली. हजारो वर्षांचे मुद्दल धुरात गेले.

उपासकदशांगात व हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकास वर्ज्य असे जे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत तळी आटविणे म्हणजे सरःशोषण, आणि वने पेटविणे म्हणजे दवदान, ही दोन्ही आहेत. पीटभूमीत पहिले केले की दुसरे पाठोपाठ येते.

म्हणून कर्बाच्या पतपत्रांत भांडवल घालणाऱ्याने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. खोली प्रत्यक्ष मोजली की अंदाजाने लिहिली? आणि जे जंगल कोणी तोडणारच नव्हते, तेच ‘वाचविले’ म्हणून तर विकले जात नाही ना? माल डोळ्यांस दिसत नाही, तेथे मापाची शुद्धता हाच मालाचा कस होय.