विश्लेषण : पंपाचा वेग घटवला की वीजबिल किती उतरते?

गंगापूर धरणातून उपसलेले पाणी नाशिककरांच्या नळाला येते. त्या विजेचे पैसे शेवटी करदात्याचेच. मोठे पंप बहुधा ३.३ किंवा ६.६ किलोव्होल्टच्या मोटारींवर चालतात. व्हॉल्व्ह आवळून प्रवाह रोखला तर वीज वाया जाते. त्याऐवजी ‘व्हीएफडी’ मोटारीचा वेगच कमी करतो. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्मी लागते, हे गणित औष्णिक केंद्रातल्या पंख्यांना बरोबर लागू पडते. पाणी मात्र उंचावर चढवायचे असते. वेग फार उतरला तर पंप नुसता फिरतो, पाणी चढतच नाही! शिवाय ड्राइव्ह स्वतः तीन-चार टक्के वीज खातो, जुन्या मोटारीच्या इन्सुलेशनवर ताण आणतो. निविदेत बचतीच्या आकड्याआधी चढाची उंची तपासलेली बरी.