ठिपके आणि रेघ : बिबट्याच्या गळ्यातून मोबाइलवर



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी सेन्सर-बिन्सरच्या भानगडीत कशाला पडावं? पण आम्ही आयुष्यभर वर्गात एकच प्रश्न विचारत आलो : आपल्याला जे कळलं असं वाटतं, ते कशावरून कळलं? हा प्रश्न आता मनगटावरच्या घड्याळालाही विचारायला हवा. आणि त्यासाठी लागणारं उदाहरण मुरबाड-शहापूरच्या रानातून स्वतःच चालत गेलेलं आहे. त्याच्याकडे येतोच, आधी घड्याळ.

पावलं मोजणाऱ्या घड्याळात अ‍ॅक्सेलेरोमीटर नावाचा सेन्सर असतो. सिलिकॉनचा एक अगदी बारीक तुकडा, तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला. हात हलला की तो किंचित सरकतो, आणि किती सरकला यावरून आकडा मिळतो. गंमत बघा, टेबलावर स्वस्थ पडलेला सेन्सर शून्य दाखवत नाही, ९.८ दाखवतो, कारण टेबल त्याला खालून पेलून धरतंय. तोच हातातून निसटला, तर जमिनीला टेकेपर्यंत जवळजवळ शून्य दाखवतो! म्हणजे तो ‘चालणं’ मोजत नाही, धक्के मोजतो. ‘हे चालणं आहे’ हा निष्कर्ष मागाहून काढलेला असतो.

आम्ही घड्याळ बांधून एसटीने मुरबाडला आलो, तर खड्ड्यांच्या कृपेने बसल्या जागी काही पावलं आमच्या नावावर जमा झाली. उलट, डोक्यावर हंडा आणि हंड्याला हात धरून चढण चढणाऱ्या बाईच्या मनगटावर तेच घड्याळ बांधा. हात हलतच नाही, म्हणून तिची कित्येक पावलं हुकण्याचा संभव आहे. कष्ट तिचे, पावलं आमची. आकडा खोटं बोलत नाही म्हणतात. पण तो कशाचा आकडा आहे हे आधी विचारावं लागतं.

आता हे आकडे मोबाइलपर्यंत पोचतात कसे? समजा, सेन्सर सेकंदाला ५० वेळा तीन दिशांची नोंद घेतो आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट लागतात. सेकंदाला ३०० बाइट झाले, दिवसाला सुमारे २६ एमबी. हे सगळं ब्लूटूथने सतत पाठवायचं तर बॅटरी लवकर संपते. त्यात आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि ते या लहरी शोषून घेतं. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या खिशात असला तरी संपर्क तुटू शकतो. म्हणून शहाणं यंत्र प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारून ती स्वतःपाशी साठवतं आणि संपर्क जुळला की पाठवतं. नोंद झाली कधी आणि पोचली कधी, या दोन वेगळ्या वेळा आहेत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपलं उदाहरण. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं. त्याचा शांतपणा पाहून त्याला ‘आजोबा’ हे नाव पडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनविभाग यांच्या प्रकल्पात त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि त्याला माळशेज घाटात सोडून दिलं. सुजय डहाके यांच्या २०१४ च्या ‘आजोबा’ चित्रपटामुळे ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. आपण त्यातल्या नोंदीकडे बघू.

पट्टा ठरावीक वेळाने जागा होतो. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले तर आपलं ठिकाण काढतो, साठवतो, आणि मोबाइलचा टॉवर हाताशी आला की एसएमएस करतो. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट. इथे दिवसाला २६ एमबीची चैन नाही. मिळतात ते थोडेसे ठिपके.

त्या ठिपक्यांवरून दिसलं ते असं : माळशेजहून निघालेला आजोबा कसारा स्टेशनाच्या परिसरातून गेला, मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून पुढे जाऊन खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. सुमारे १२० किलोमीटर, महिन्याच्या आत.

पण थांबा. नोंद झाली ती ठिपक्यांची. नकाशावरची रेघ आपण ओढली. दोन ठिपक्यांमध्ये तो सरळच गेला असेल असं कुठे आहे? म्हणून ठिपके जोडून येणारं अंतर हे ‘कमीत कमी’ अंतर असतं. प्राणी त्याहून जास्तच चाललेला असतो. आपल्या परंपरेच्या भाषेत ठिपका हा प्रत्यक्षाच्या जवळचा, आणि रेघ म्हणजे अनुमान.

आणि ठिपका आलाच नाही तर? दरीत किंवा दाट झाडीत उपग्रह मिळाले नसतील. ठिकाण मिळालं असेल, पण टॉवर नसेल. मग ठिपका उशिरा येईल. बॅटरी गेली असेल. यातलं काहीही असू शकतं. प्राणी एका जागी बसून असेल तर ठिपके येतात, एकावर एक येतात. तेव्हा बसणं वेगळं आणि मौन वेगळं. मोबाइलवरचा आलेख मात्र पुष्कळदा दोन्हीची सारखीच सपाट रेघ दाखवतो.

कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ हे कळतं, पण एका अटीवर : असतं तर दिसलं असतं, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं होत नाही. लख्ख उजेडात दिसला नाही, तर मग नाही. पट्ट्याचं मौन हे अंधाऱ्या खोलीतलं न दिसणं आहे.

आता हीच कसोटी दुसरीकडे लावा. या सबंध वाटचालीत आजोबाने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. हे न दिसणं कोणत्या खोलीतलं? उजेडातलं. एवढ्या वस्तीतून जाणाऱ्या बिबट्याने माणसावर हल्ला केला असता तर बोभाटा झाल्याशिवाय राहिला नसता. म्हणून इथे ‘नोंद नाही’ याला वजन आहे. तरीही, ही एका प्राण्याची एक वाट आहे. तेवढ्यावरून ‘बिबट्या निरुपद्रवी असतो’ असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या अंगणातून शेळी गेली त्याला ते ऐकवायचा आम्हाला अधिकारही नाही.

मग ठिपके ठामपणे काय सांगतात? पहिला ठिपका माळशेजचा, शेवटचे नागल्याचे. आपण जिथे सोडलं तिथे तो राहिला नाही. ‘इथला बिबट्या उचला आणि लांब सोडा’ या मागणीला याहून स्पष्ट उत्तर नाही. जुन्नर भागातल्या अभ्यासाने त्याची दुसरी बाजू दाखवली होती : १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते १७ वर गेले. घाटातल्या पाड्यांवरचे लोक जेव्हा विचारतात, ‘आमच्याकडे आणून का सोडता?’, तेव्हा त्या प्रश्नाला या नोंदींचा आधार आहे.

एक शेवटचं. असे ठिपके सर्वांच्या मोबाइलवर ताबडतोब दिसावेत का? आमचं मत, नाही. बिबट्या अमुक शेतात आहे हे कळलं की शंभर माणसं काठ्या आणि कॅमेरे घेऊन जमतात, आणि गर्दीने घेरलेला प्राणी बिथरतो. माणसाच्या मनगटावरच्या नोंदीचंही तेच. तुम्ही कधी झोपता, कुठे जाता, हे कुणाच्या हाती पडतं ते विचारा. आजोबाला विचारता आलं नाही, तुम्हाला येतं.

पुढे त्याचा पट्टा मुका झाला. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला. ओळख पटली ती अंगात बसवलेल्या चिपमुळे. मधला काळ तो कुठे हिंडला, काय खाल्लं, किती घरांच्या मागून रात्री निघून गेला, याचा एकही ठिपका नाही. नोंद नव्हती तेव्हाही तो चालतच होता.

तेव्हा मित्रहो, मोबाइलवर आलेख दिसला की आधी ठिपके कोणते आणि रेघ कुणी ओढली तेवढं विचारा. इथे थांबतो. नमस्कार.